लाईटवाल्याच्या घरचं लग्न

पेठ नाक्यावर कुणालाही विचारा, 'कारभारी कुठं राहतात हो?' तो माणूस आधी कपाळाला आठ्या घालील. 'कोणते कारभारी? दुधाचे की भंगारचे?' तुम्ही म्हणाल, 'ते लग्नात माळाबिळा लावतात ते.' की लगेच त्याच्या डोक्यात लाईट लागते. 'अहो, मग लाईटवाले म्हणा ना! ते काय, पत्र्याच्या शेडपुढं टेम्पो उभा आहे ना, तिथंच.'

कारभारींचं मूळ गाव नांदगावकडचं. मिसरूड फुटायच्या आत ते नाशकात आले, एका लग्नात दुसऱ्याची शिडी धरून उभे राहिले आणि तिथून पुढं कायमचे लाईटीतच राहिले. शाळा सातवीत सुटली. इंग्रजी त्याच्याही आधी सुटलं होतं. पण त्या भाषेतला एक शब्द त्यांनी असा काही हाताशी धरला, की तो ज्यांच्या मुलखातून आला त्यांनासुद्धा त्याच्या एवढ्या करामती ठाऊक नसतील.

आता बघा. 'लाईट गेली' यातली लाईट म्हणजे वीज, आणि ती बाई आहे. ती जाते, येते, रुसते, डोळे मिचकावते, आणि परत आली की सगळी आळी 'आऽऽली' म्हणून ओरडते. माहेरवाशिणीचंसुद्धा एवढं स्वागत होत नाही. पण 'मोरीतला लाईट बंद कर' यातला लाईट बुवा आहे. तो बिचारा नुसता लटकतो आणि वय झालं की फ्यूज होतो. लाईटबिल हे बाईही नव्हे आणि बुवाही नव्हे, ते संकट आहे. संध्याकाळचं जेवण लाईट असलं म्हणजे खिचडी समजायची. शर्ट लाईट असला म्हणजे त्यावर डाळ सांडणार हे समजायचं. कुणी आपली टिंगल केली तर ती लाईट घ्यायची असते, आणि ज्याला ती उशिरा कळते तो ट्यूबलाईट. 'बाजारात एलईडी येऊन इतकी वर्षं झाली, पण माणसातल्या ट्यूबा काय बदलल्या नाय,' असं कारभारींचं मत आहे, आणि ते त्यांनी स्वतःच्या साडूच्या तोंडावर सांगितलेलं आहे. साडूला ते दोन दिवसांनी कळलं.

एकदा त्यांची लेक निकिता पार्लरमधून केसांच्या चार बटा तांबूस करून आली. याला हायलाईट म्हणतात, असं कळल्यावर कारभारींनी तिच्या डोक्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "अन् वायर कुठून काढलीय?"

निकिता ही एकुलती एक. रक्ताच्या लॅबमध्ये कामाला, स्वभावानं बापासारखी हौशी, पण डोक्यानं आईसारखी जागेवर. तिचं लग्न ठरलं नांदगावच्या मयूरशी. औषधं-खतांचं दुकान चालवणारा, शांत, हसरा मुलगा. पण कारभारींनी त्याचं दुकान बघितलं नाही, घर बघितलं नाही. नाव ऐकलं आणि खुर्चीतून उठलेच.

"मयूर! म्हंजे मोर! लंका, मी मोर बनवितो. दोन माणसं उंच. पिसारा उघडंल, मिटंल, उघडंल, मिटंल. नाशकानं बघितली नसंल अशी लाईट लावतो पोरीच्या लग्नात!"

लंकाबाई म्हणाल्या, "आधी पाव्हण्यांना चहा तरी विचारा."

मग खरेदी सुरू झाली आणि त्या शब्दानं कारभारींचा पिच्छा काही सोडला नाही. सराफ म्हणाला, 'काका, हल्ली सगळे लाईटवेटच घेतात.' त्यावर कारभारी फुशारून म्हणाले, 'घेणारच, आपल्याच लायनीतला माल हाय.' आणि वजन बघितल्यावर गप्प झाले. शालूच्या दुकानात पोऱ्या म्हणाला, 'लाईटमध्ये दाखवू का डार्कमध्ये?' कारभारी म्हणाले, 'लाईटमधीच दाखव बाबा, अंधारात काय दिसणार?' निकिता तिथल्या तिथं शालूच्या घडीत तोंड लपवून हसली. पण संध्याकाळी शेडमध्ये गेल्यावर कारभारी एकदम गंभीर व्हायचे. लोखंडी पट्ट्या वाकवून, वायरी ओढून, निळे-हिरवे दिवे टाचून त्यांचा मोर उभा राहत होता.

मुहूर्ताच्या वेळी मात्र खटका उडाला. यज्ञेश्वर गुरुजींनी पंचांग चाळलं आणि म्हणाले, "माघातला हा दुपारचा मुहूर्त फार उत्तम आहे. मुलीच्या पत्रिकेलाही साजेसा."

"दुपारी?" कारभारी दचकले. "गुरुजी, दुपारी माझी लाईट कुणाला दिसंल? वर सूर्य हाय ना!"

"मग काय त्याला बंद करायचं म्हणता?"

"त्याचं बटन तुमच्याकडं असंल तर बघा."

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं, पंचांग पुन्हा चाळलं आणि त्याच दिवसाचा गोरज मुहूर्त काढून दिला. दिवस मावळता मावळता मंगलाष्टकं, आणि अंधार पडताच मोराचा पिसारा. कारभारी तिथून निघाले ते थेट लग्नासाठी दिवसभर घेतलेल्या दिंडोरी रोडच्या लॉन्सवर. तिथल्या मॅनेजरला, शेखरला, त्यांनी ठणकावून सांगितलं, "तुमचा एक बल्ब मला मांडवात दिसता कामा नये. सगळं काढून ठेवा. लाईटवाल्याची पोरगी हाय!"

आता इथं कारभारींच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचा घोळ समजायचा नाही. कारभारींकडं इसार हातावर पडला की ऑर्डर पक्की. मग शेडमध्ये एक पोतं उघडतं, त्यावर खडूनं पार्टीचं नाव पडतं आणि त्या लग्नाच्या माळा, झालरी, फोकस त्या पोत्यात जाऊन बसतात. ज्याचं पोतं नाही, त्याचं लग्न नाही. आणि जो माल पोत्याबाहेर आहे तो मोकळा, पुढचा इसार देईल त्याचा. यात सख्ख्या मेहुण्यालासुद्धा सूट नव्हती. एकदा मेहुणा 'भाऊजी, लाईटीचं तेवढं बघा बरं' असं नुसतं तोंडी सांगून गेला होता. त्याच्या पोराचं बारसं मोबाईलच्या बॅटरीत झालं. 'तोंडी लाईट लागत नसती,' हे कारभारींचं ब्रीद. त्यामुळंच या धंद्यात त्यांचा शब्द म्हणजे शब्द होता.

आणि त्या दिवशी लग्नाची तीथ म्हणजे अशी दाट, की नाशकात जेवढी लॉन्स तेवढी लग्नं, आणि जिथं लॉन नाही तिथं पार्किंगमध्ये लग्न.

लग्नाच्या दिवशी सकाळी कारभारी शेडवर गेले. कालच्या हळदीत लोकांनी त्यांनाही सोडलं नव्हतं. एक कान अजून पिवळा होता. उत्साह असा की शिट्टी वाजवत शेडचं दार उघडलं. आत मनोज झाडू मारत होता. मनोज म्हणजे त्यांचा जुना माणूस, मिशा पिकेपर्यंत त्यांच्याकडंच राहिलेला.

"मनोज, चल, आपलं पोतं काढ."

"कोणतं आपलं?"

"अरे आपलं! निकीचं!"

मनोजनं झाडू भिंतीला टेकवला. शेडकडं बघितलं. मग मालकाकडं बघितलं. "शेठ, तुमचं पोतं नाही."

"नाय म्हंजे?"

"म्हणजे तुमचा इसार कुठं आला होता?"

कारभारींनी शेडभर नजर फिरवली. एवढी मोठी शेड, आणि त्यात एक मोडकी शिडी, दोन होल्डर आणि मनोज. बाकी सगळं पोत्यांत बसून नाशिकभर गेलेलं.

"अन् मोर? मोर तर पोत्यात मावत नव्हता!"

"तेच ना. पोत्याबाहेर होता. मखमलाबादच्या पार्टीनं इसार दिला. मी काल फोनवर विचारलं की तुम्हाला. तुम्ही म्हणाले, 'दे, दे, सगळं दे!'"

"कधी?"

"हळदीत. तुम्ही नाचत होते."

कारभारी मोडक्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. मनोजची काही चूक नव्हती. नियम त्यांचा, शब्द त्यांचा, नाचही त्यांचाच. अख्ख्या नाशकाकडून इसार घेणारा माणूस स्वतःकडून घ्यायचा विसरला होता. मग एकदम उठले, शेखरला फोन लावला.

"शेखरभाऊ, तुमची लाईट लावा हो मांडवात!"

"कुठून लावू काका? तुम्हीच म्हणालात, एक बल्ब दिसता कामा नये. मी सगळं भावाच्या लॉनवर देऊन टाकलं. ऑफिसात एक ट्यूब आहे. पण ती जरा फडफडते."

आता जायचं कुठं? एकच माणूस होता, आणि त्याच्याकडं कारभारी मेले तरी गेले नसते. गोटीराम. आडगाव नाक्यावरचा लाईटवाला. एका गणपतीत रोषणाईच्या पहिल्या नंबरावरून दोघांचं जे वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. एखाद्या लग्नात समोरासमोर आलेच, तर दोघं एकमेकांकडं न बघता वर बघायचे आणि दुसऱ्याच्या माळेतले फ्यूज गेलेले दिवे मोजायचे. कारभारींनी मोटारसायकलला किक मारली आणि थेट गोटीरामच्या दारात उभे राहिले.

"गोटीराम, मला लाईट पायजे."

गोटीराम दात घासत होता. त्यानं ब्रश तोंडातून काढला. "कुणाला?"

"मला."

"सपनात हाय का मी?" मग कारभारींचा चेहरा बघून त्यानं चूळ भरली, सगळं ऐकून घेतलं आणि असा हसला, असा हसला, की शेजारची कोंबडी ओरडत पळाली. "स्वतःचाच इसार नाय घेतला? कारभारी, अरे तुला तर हॅलोजन समजत होतो मी, तू तर ट्यूबलाईट निघाला!"

"हस. हसून घे. मंग सांग, हाय का काही?"

गोटीरामचं हसू ओसरलं. त्यानं शेडचं दार उघडून दाखवलं. तीही तशीच रिकामी, तीथ काय एकट्या कारभारींना लागली होती? आत देवीच्या फोटोवर एक छोटी रंगीत माळ लुकलुकत होती. गोटीराम पाटावर चढला आणि ती काढायला लागला.

"राहू दे," कारभारी म्हणाले. "देवीची राहू दे."

"मंग मी येतो," गोटीराम म्हणाला आणि शर्ट चढवत मागच्या सीटवर येऊन बसला. "माळ नाय तर नाय, माणूस तरी ने."

"कुठं जायचं?"

"मोर तुझा हाय ना? मखमलाबादला चल. काय व्हईल ते व्हईल."

रस्त्यात कारभारींच्या मनात काय काय येऊन गेलं! मोर आपल्या हातानं बनवलेला. पिसाऱ्यातला एकेक दिवा निकीच्या नावानं टाचलेला. पार्टीला म्हणू, बिघाड झाला, दुरुस्तीला नेतो. बदल्यात पुढच्या बारशाला फुकट लाईट देऊ. एक संध्याकाळ तर आहे. कोण विचारतंय?

मखमलाबादच्या मांडवात मोर उभा होता. भर सकाळी पार्टीनं तो चालू करून ठेवला होता. उन्हात दिवे मिणमिण दिसत होते तरी पोरंसोरं भोवती फेर धरून नाचत होती, आणि कुणा आजीबाईनं हात पुरवून मोराच्या चोचीला हळदी-कुंकू लावलं होतं. नवरीचा बाप, रंगनाथ, धावतच आला.

"या लाईटवाले, या! तुमच्या मोरानं काय बहार आणली राव! पोरगी काल घर सोडायचं म्हणून रडत होती. हा आला अन् त्याच्यापुढं फोटो काढत बसलीय. आजीनं तर ओवाळलाबी त्याला. म्हणती, लग्नघरातलं पहिलं पाव्हणं हाय."

कारभारींनी मोराच्या वायरीला हात घातला होता. गोटीराम बघत होता. कारभारींनी ती वायर वर उचलली, पायात येणार नाही अशी खांबाला गुंडाळली, पिसाऱ्यातला एक ढिला दिवा फिरवून घट्ट केला आणि म्हणाले, "सांच्याला पिसाऱ्याचं बटन सावकाश दाबा. एकदम दाबलं की मोर बावचळतो."

बाहेर आल्यावर गोटीराम म्हणाला, "काढायचा होता ना?"

"कुंकू लावलंय रे त्याला," कारभारी म्हणाले. "कुंकू लावलेली लाईट काढता येती का?"

घरी देवक बसवायचं चाललं होतं. यज्ञेश्वर गुरुजी पाटावर, लंकाबाई कलशापाशी, आणि निकिता पिवळ्या साडीत, हात मेंदीचे म्हणून दुसऱ्याच्या हातून चहा पीत. बापाला दारातच थबकलेलं बघून ती म्हणाली, "काय झालं पप्पा? लाईट गेली का?"

"गेली," कारभारी म्हणाले. "सगळीकडं गेली. आपल्याकडंच नाय आली." आणि त्यांनी उंबऱ्यात उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

लंकाबाईंनी हातातला नारळ खाली ठेवला. तो फेकला नाही याचं श्रेय गुरुजींना. "अख्ख्या नाशकाच्या पोरींना उजेड, अन् माझ्या पोरीला मेणबत्ती! अहो, पोत्यावर नाव लिहायला तुमचा खडू झिजत व्हता का?"

"लंका, मी..."

"मी-मी नका करू. आता बोकडच व्हायचे राहिलेत तुम्ही."

गोटीराम दाराआडून म्हणाला, "वहिनी, जाऊ द्या, लाईट घ्या."

"तुम्ही कोण? अन् आमच्यात तुम्ही कधीपासून आले?"

निकितानं चहाचा कप बाजूला करायला लावला. "पप्पा, एक विचारू? आजपर्यंत किती लग्नांत लाईट लावली तुम्ही?"

"मोजलीत कुणी?"

"त्यातल्या एका तरी नवरीचा चेहरा आठवतो?"

कारभारी आठवायला लागले. बटणांचा बोर्ड मांडवाच्या मागं असतो. जनरेटर त्याच्याही मागं. त्यांना आठवत होते ते पाठमोरे अंबाडे, शालूंचे काठ आणि स्टेजच्या फळ्यांखालच्या वायरी. जेवायलासुद्धा ते कायम शेवटच्या पंगतीला.

"माझंही तसंच होणार होतं," निकिता म्हणाली. "तुमचा मोर उघडतोय-मिटतोय, आणि तुम्ही मागं बटणापाशी. मला कालपासून तेच वाटत होतं, पण तुमचा उत्साह बघून बोलले नाही." मग ती गुरुजींकडं वळली. "गुरुजी, तो दुपारचा मुहूर्त अजून आहे का?"

"मुहूर्त कुठं जाणार? आहे तिथंच आहे पंचांगात. तुझ्या वडिलांनी हाकलून दिला होता म्हणून कोपऱ्यात बसलाय." गुरुजींनी घड्याळाकडं बघितलं आणि त्यांची समाधी मोडली. "पण मग चला! बसलात काय सगळे?"

आणि त्या घरात करंट आल्यासारखं झालं!

लंकाबाईंनी विहिणबाईंना फोन लावला. वऱ्हाड चांदवडला चहाला उतरलं होतं. "विहिणबाई, चहा ठेवा खाली अन् गाडीत बसा!" पलीकडून काय विचारलं कुणास ठाऊक, लंकाबाई म्हणाल्या, "नाय नाय, सगळे जिते हाय! लग्न दुपारी हाय!" मयूरनं मधेच फोन घेतला. "मामी, मी तयारच बसलोय, फक्त दाढी बाकी आहे." "गाडीत कर बाबा. खड्डे बघून कर."

आचारी तर हटूनच बसला. संध्याकाळची जिलबी दुपारी कशी होईल? पीठ अजून फुललेलं नाही. गोटीराम पातेल्यापाशी गेला आणि त्याच्या कानात काहीतरी म्हणाला. आचाऱ्यानं लगेच कढई चढवली. काय सांगितलं ते गोटीरामनं कुणालाच सांगितलं नाही, पण आचारी दिवसभर त्याच्याकडं चोरून बघत होता. मग गोटीरामनंच ओळखीतले दोन ढोलवाले आणि एक ताशेवाला मोटारसायकलवर घालून आणले. एका मोटारसायकलवर चौघं, दोन ढोल आणि एक ताशा कसे बसतात, हे नाशकाबाहेरच्या माणसाला पटायचं नाही.

राहिले गावातले पाहुणे. ते संध्याकाळच्या हिशेबानं निवांत. कुणी दुकानात, कुणी नाशिक रोडला ड्युटीवर, कुणी इस्त्रीवाल्याकडं कपड्यांच्या रांगेत. मनोजनं टेम्पोवर भोंगा चढवला आणि पेठ नाक्यापासून फिरायला लागला. "ऐका हो ऐका! लाईटवाल्या कारभारींच्या निकिताताईचं लग्न दुपारी आहे! आत्ताच्या आत्ता निघा! जेवण मिळेल, लाईट मिळणार नाही!" खिडक्या उघडल्या. एक काका अर्ध्या गालाला फेस लावून गॅलरीत आले. एक काकू एका हातात पैठणी आणि दुसऱ्या हातात लाटणं घेऊन विचारत्या झाल्या, 'पळून चाललीय का ती?' तो ट्यूबलाईट साडू तेवढा शांत होता. तो म्हणे, 'काय गडबड आहे? लग्न संध्याकाळी आहे ना?' आणि तो संध्याकाळीच आला.

कारभारी या सगळ्यात कुठं होते? ते टेम्पोच्या मागं, टेम्पोच्या पुढं, आचाऱ्याजवळ, ढोलाजवळ, कुणाच्याही हातातलं काहीही घेऊन दुसऱ्याच्या हातात देत होते. लॉन्सवर पोचल्या पोचल्या सवयीनं मांडवाच्या मागं गेले. तिथं बोर्ड नव्हता. गवत होतं. ते तिथं दोन मिनिटं उभे राहिले, तेवढ्यात लंकाबाईंनी येऊन सदऱ्याची बाही धरली. "इथं काय शोधताय? बाप पुढं असतो!"

वऱ्हाड आलं. मयूरच्या हनुवटीवर कापसाचा एक बोळा होता. चांदवडपासूनच्या खड्ड्यांची ती खूण. ढोल असा वाजला की लॉन्सवरच्या चिमण्या उडाल्या. माघातलं ऊन पातळ, सोनेरी, अंगाला बोचत नाही असं. पांढऱ्या मांडवाचं कापड त्यानं आतून पेटल्यासारखं दिसत होतं, आणि एकाही खांबावर एकही वायर नव्हती. जो पाहुणा आत येई तो वर बघे, मग कारभारींकडं बघे आणि खुर्चीवर जाऊन बसे. एक म्हातारा जवळ येऊन म्हणालाच, "लाईटवाले, लाईट कुठाय?" गोटीराम तोऱ्यात पुढं झाला. "बाबा, ही नवी लायटिंग हाय. वायर लागत नाय. जर्मनीत पण नाय अजून."

म्हातारा मान डोलावून गेला.

अंतरपाट धरला गेला. एका बाजूला मयूर, दुसऱ्या बाजूला पाठीशी मामा घेऊन निकिता. कारभारींना कुठं उभं राहायचं हेच ठाऊक नव्हतं. कुणीतरी त्यांना खांद्याला धरून पुढं सरकवलं, हातात अक्षता ओतल्या. मंगलाष्टकं त्यांना तोंडपाठ होती, पण ती त्यांनी आजवर कानानं नाही, बोटांनी ऐकली होती. पहिल्या कडव्याला झालरी, दुसऱ्याला कमान, तिसऱ्याला फोकस. आणि शेवटच्या 'सावधान'ला मेन स्विच खाली, सगळा मांडव लखलखीत! त्याच हिशेबानं त्यांची बोटं आता अक्षतांत चुळबुळत होती.

गुरुजींनी सूर लांबवला. "शुभ मंगल साव..."

कारभारींचा हात आपसूक वर गेला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून खाली आला. मूठभर अक्षता सणसणत गुरुजींच्या उघड्या तोंडावर बसल्या. 'धान' आतच राहिलं. पण बापानं टाकल्या म्हटल्यावर लोक थोडेच थांबतात! चारी बाजूंनी तांदळाचा पाऊस सुरू झाला. ढोलवाल्यांना वाटलं झालं लग्न, त्यांनी दिली थाप. गुरुजी दाढेखालचा तांदूळ काढत ओरडले, "अहो, अजून नाही! अंतरपाट तर..." पण अंतरपाट धरणारे सुद्धा माणसंच होती, ते हसता हसता सोडून मोकळे झाले.

आणि निकिता समोर होती.

कारभारींपासून हातभर अंतरावर. डोक्यावर तांदूळ, मुंडावळ्या एका बाजूला सरकलेल्या, तोंडभर ऊन आणि त्या उन्हानं बारीक झालेले डोळे. ती पोट धरून हसत होती आणि हसता हसता तिचे डोळे भरून येत होते. नवरीचं नाक लाल होतं, हे कारभारींना माहीतच नव्हतं. नवऱ्यानं हार घालायच्या आधी ती एकदा बापाकडं बघते, हेही माहीत नव्हतं.

"काका!" मागून फोटोग्राफर ओरडला. "काका, बाजूला व्हा ना! नवरीच्या तोंडावर तुमची सावली पडतेय! लाईट अडवताय तुम्ही!"

लंकाबाईंनी कोपरानं ढोसलं. गोटीरामनं मागून सदरा ओढला. कारभारी हलले नाहीत.

"पडू दे," ते म्हणाले. "जरा बघू दे मला."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला आणि वाट बघत उभा राहिला.